अकरा सेकंद

त्रिशूरहून सिनेमावाले आले तेव्हा पलशीच्या माळावर
त्यांची भाषा येणारा मी एकटाच सापडलो.
तसा आमच्या पट्ट्यात घराआड एक गलाईवाला,
पण बाकीचे तिकडंच, भट्टीपुढं.
मी गुडघ्यांमुळं परत आलेलो.

डायरेक्टर रेजी, पोरगाच, एका कानात बाळी.
हात फिरवून त्यानं माळ दाखवला,
हिवर, कुसळं, पवनचक्क्या,
भिवघाटाकडं जाणारा रस्ता,
आणि म्हणाला, चेट्टा,
इथं आमच्या हिरोला कळतं, आपण कोण.

इथंच का, मी विचारलं.
आमच्याकडं सगळी झाडं, तो म्हणाला,
नजर दहा पावलांत अडते.
स्वतःपुढं उभं राहायला
एवढी मोकळी जागा मिळत नाही.

ह्याच मोकळ्या जागेतून पळून
पंधराव्या वर्षी मी त्यांच्या झाडांत गेलो,
दाजींच्या मागं, वळकटी घेऊन.
मिरजेत रेल्वे, बाकाखाली झोप.
पालक्काडची खिंड कधी आली,
माती कधी लाल झाली, ठाऊक नाही.
जागा झालो तेव्हा फलाटावर
खोबरेलात केळी तळत होते.

रस्त्याला ते वळी म्हणतात.
आपल्याकडं वळी कपाळावर पडते.
मी बावीस वर्षं ही दुसरीच पाडत बसलो
हायरोडच्या बोळात:
सोनारांच्या दुकानातला केर पोत्यानं घ्यायचा,
धुवायचा, जाळायचा, मुशीत घालायचा,
पायपुसणीसुद्धा जाळायची,
गुंजभर पिवळं निघेपर्यंत मान खाली.
धुळीत काय असतं ते मला विचारा.
ह्या माळाच्या धुळीत काही नव्हतं.
लहानपणी खाल्लीय मी ती.

रेजी म्हणाला, तुम्ही मागनं लुनावर जा.
कॅमेऱ्याकडं बघू नका. नेहमीसारखं जा.
नेहमीसारखं जायला सात खेपा लागल्या.
किटली रिकामी, वाजायची,
शेवटी जिन्सी नावाच्या मुलीनं
तिच्यात टॉवेल कोंबला.
हिरो रडला. त्याला औषध लागलं नाही,
वारा पुरला.

पावणेदोन वर्षांनी पिक्चर फोनवर आला.
शालनला भाषा येत नाही, मी सांगत होतो,
हे कालिकत, हा वायनाडचा घाट,
आता कर्नाटक, बघ, सूर्यफुलं.
झाडं कमी होत गेली
तसं त्या पोराचं बोलणं आटत गेलं.
मग आपला माळ.
फोनच्या काचेवर एवढा मोठा,
की पलशीत उभं राहून तो एवढा दिसत नाही.

मागनं एक माणूस गेला.
पाठीत वाकलेला, कोपरं बाहेर,
रस्त्याकडं न बघता,
रस्ताच काय ते बघून घेईल असा.

हे म्हातारं कोण, शालन म्हणाली.
असंल गावातलं कुणीतरी, मी म्हणालो,
आणि खरंच तसं वाटून म्हणालो.

मग किटली ओळखली.
कोपरं वडलांची होती.

मागं नेऊन परत पाहिलं. अकरा सेकंद.
परत.
दुसऱ्याच्या सोन्यात रतीभर तूट आली
तर रात्रभर डोळा लागायचा नाही मला.
हे कधी काट्यावर घातलंच नव्हतं.

सकाळी पेंड आणायला निघालो,
तिथं आल्यावर लुना बंद केली.
हिरोला उभं करायला मारलेली चुन्याची फुली
केव्हाच गेलेली.
अंदाजानं उभा राहिलो.
पवनचक्कीच्या पात्याची सावली
अंगावरून गेली, परत आली, परत गेली.
रडू काही आलं नाही.
गुडघा तेवढा ठणकला.

खानापूरकडनं एक पोरगं गाडीवर आलं,
वेग कमी करून म्हणालं,
आण्णा, पेट्रोल संपलं काय?

नाही, म्हटलं. बघतोय जरा.

त्यानंही मान वळवून बघितलं,
नक्की कुठं बघायचं ते न कळून,
आणि गेलं.